दोन भोकांचा पासपोर्ट

फाईलकाकांनी पासपोर्टला भोकं पाडली ती पासपोर्ट हरवू नये म्हणून, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढच्या सात दिवसांत हेच वाक्य त्यांनी एकूण एकोणीस जणांना ऐकवलं आणि एकाच्याही चेहऱ्यावर 'अस्सं होय!' असा भाव उमटला नाही. ज्याला ऐकवावं तो आधी पासपोर्टकडे बघायचा, मग काकांकडे, आणि मग पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारायचा.

फाईलकाका हे काही त्यांचं बारशातलं नाव नव्हे. सरकारी कचेरीत ते अभिलेखपाल होते, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीचे राजे. पद इतकं जड की ऑफिसातले लोक सोयीसाठी त्याची शेवटची दोनच अक्षरं वापरत, तीही पाठीमागे. कॉलनीतली मंडळी त्या मानानं सभ्य, त्यांनी फाईलकाका ठरवलं. काकांच्या घरी लाईटबिलांची फाईल होती, गिझरची होती, काकूंच्या गुडघ्यांची तर दोन भागांत होती, डावा आणि उजवा. 'सुटा कागद म्हणजे गेलेला कागद' हे त्यांचं तत्त्व. तत्त्व म्हणून वाईट नाही. याहून वाईट तत्त्वांवर लोकांनी राज्यं चालवली आहेत.

काकूंचं मात्र एकच तत्त्व होतं, आणि ते म्हणजे डोंगरावरचं ते देऊळ. लग्नाच्या वर्षी कुठल्याशा मासिकात त्यांनी त्याचा फोटो पाहिला होता. समुद्रापलीकडचा एक प्राचीन देश, तिथला डोंगर, डोंगराला कापून काढलेल्या पायऱ्या आणि माथ्यावर साडेतीन हजार वर्षांचं दगडी देऊळ. 'इथे जायचं, दोघांनी,' असं त्या म्हणाल्या आणि काका 'अवश्य' म्हणाले. त्या अवश्यला चौतीस वर्षं झाली. कधी तपासणी आडवी आली, कधी बदलीची हूल, आणि एका वर्षी तर तिकिटं काढून झाल्यावर वाळवी लागली. तिकिटांना नव्हे, सन साठ ते अडुसष्टच्या फायलींना. काकूंना सोडून जाणं शक्य होतं, वाळवीला नव्हतं. मग 'रिटायर झालो की पहिलं तुझं देऊळ' असं ठरलं. रिटायर झाल्यावर काकूंनी तिसऱ्या दिवशी टूर कंपनीचं पत्रक पुढ्यात ठेवलं: 'प्राचीन देशाची सफर. ऐतिहासिक, धार्मिक, सांस्कृतिक, निसर्गरम्य. आठ दिवस.' देऊळ शेवटच्या दिवशी होतं.

निरोप समारंभात ऑफिसनं काकांना पंचिंग मशीन दिलं होतं. साधंसुधं नव्हे, लोखंडी, लांब दांड्याचं, चाळीस पानं एका दमात पार करणारं. ते काकांनी बॅगेत घेतलं. त्यासाठी काकूंचे चालायचे बूट बाहेर काढावे लागले, पण 'चपलेवरही चालता येतंच की,' असं काका म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं.

हॉटेलवर पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बाकीची मंडळी खाली चहाला गेली. काकांनी पलंगावर टॉवेल पसरला, विमानाची तिकिटं, हॉटेलची चिठ्ठी, विम्याचा कागद, प्रवेशाची स्लिप असं सगळं चळतीनं लावलं, शेवटी पासपोर्ट ठेवला, आणि मशीनचा दांडा दोन्ही हातांनी दाबला. खट्ट. पासपोर्टाच्या आरपार दोन सुबक भोकं पडली. त्यांतून नाडी ओवून त्यांनी गाठ मारली आणि हातभर अंतरावर धरून फाईल न्याहाळली.

"तुझाही दे," ते म्हणाले.

"माझा राहू दे पर्समध्ये," काकू म्हणाल्या.

"सुटा?"

"सुटा."

रस्ता न बघता ओलांडणाऱ्या माणसाकडे बघावं तसं काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या राजवाड्याच्या दारात पासपोर्ट तपासणी होती. त्या देशात परदेशी पाहुण्याला पासपोर्ट दाखवल्याशिवाय कुठल्याही प्राचीन वास्तूत सोडत नाहीत. काकांनी ऐटीत फाईल पुढे केली. पहारेकऱ्यानं पानं उलटली. एक भोक फोटोतल्या काकांच्या उजव्या कानातून गेलं होतं आणि दुसरं 'जन्मस्थळ' या रकान्यातून, त्यामुळे काका कुठे जन्मले हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. पहारेकऱ्यानं शिट्टी वाजवली.

मग कळलं ते असं, की पासपोर्टाला भोक पाडण्याचा अधिकार जगात फक्त सरकारला असतो, आणि सरकार ते एकाच कारणासाठी पाडतं. पासपोर्ट रद्द झाला, ही त्याची खूण. आता ज्यानं अडतीस वर्षं सरकारचे कागद सांभाळले त्याला हे ठाऊक असायला नको का? पण काकांच्या खोलीत येणारे सगळे कागद मेलेलेच असायचे. जिवंत कागदाशी कसं वागावं याचा त्यांना अनुभव नव्हता.

"म्हणजे मी रद्द?" काकांनी विचारलं.

"तुम्ही एन्जॉय करा," टूर मॅनेजर म्हणाला. त्याला घाम फुटला की तो हेच म्हणायचा. "परदेशी नागरिक कार्यालयातून एक पत्र आणावं लागेल, पासपोर्ट चालू आहे म्हणून. तोपर्यंत सर, कुठेच आत जाता येणार नाही. आणि परतीच्या विमानातही."

बाकीची एकवीस माणसं रांगेत उभी राहून हे सगळं अत्यंत सहानुभूतीनं ऐकत होती. एकानं तर काकांचा फोटोही काढला.

"मी थांबते तुमच्याबरोबर," काकू म्हणाल्या.

"काही नको. दोन तासांचं काम आहे. मी आयुष्यभर कचेरीत काढलंय, मला का हे नवीन आहे? तू राजवाडा बघून घे."

"आणि देऊळ?"

"देवळाच्या आधी पत्र हातात असेल. चौतीस वर्षांत मी तुला दिलेला शब्द मोडलाय का?"

पाळलाय का असं विचारलं असतं तर काकूंना बोलता आलं असतं.

हॉटेलवर परत येईपर्यंत ही बातमी कॉलनीच्या ग्रुपवर पोचलेली होती. काकूंनी ती फक्त आपल्या बहिणीला सांगितली होती, म्हणजे पोचणारच. सर्वांत आधी वरच्या मजल्यावरच्या वकिलांचा फोन आला. "काहीही झालं तरी भोक पाडलं असं लेखी देऊ नका," ते म्हणाले. "भोक आढळून आलं, असं लिहा." त्यानंतर शेजारचे दाताचे डॉक्टर. त्यांनी भोक किती खोल आहे, कडा दुखऱ्या म्हणजे फाटक्या आहेत का, हे विचारून घेतलं आणि भरून टाकण्याचा सल्ला दिला. "वेळेवर भरलं तर पुढचा त्रास वाचतो." तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मात्र खरा व्यवहारी उपाय सुचवला. पडलेले गोल तुकडे शोधायचे आणि आतून चिकटपट्टी लावून जागच्या जागी बसवायचे.

तुकडे मशीनच्या पोटात होते. पण निरोपाच्या भेटीचं मशीन काकांनी मधल्या काळात काही कपाटात ठेवलं नव्हतं. घरातल्या सगळ्या फायली त्यांनी नव्यानं लावून घेतल्या होत्या. काकांनी पोट उघडून पलंगावर पालथं केलं आणि हजारेक टिकल्या चादरभर पसरल्या. त्यातून पासपोर्टाच्या अठरा पानांच्या, दर पानाला दोन अशा छत्तीस टिकल्या आणि कव्हराच्या चार शोधायच्या. काका चष्मा सरसावून दोन तास बसले. कव्हराच्या चारही मिळाल्या. स्वतःच्या कानाचा तुकडाही मिळाला. जन्मस्थळ म्हणून जो तुकडा त्यांनी मोठ्या कष्टानं बसवला तो नीट बघितल्यावर गिझरच्या गॅरंटीकार्डाचा निघाला. तेवढ्यात खोली आवरायला बाई आल्या, त्यांनी बोलता बोलता चादर उचलून खिडकीबाहेर झटकली, आणि प्रश्न मिटला.

तिसऱ्या दिवसापासून टूर कंपनीनं काकांना एक दुभाषी दिला. हे गृहस्थ जन्मभर गाईड होते. पर्यटकांच्या घोळक्यांपुढे झेंडा धरून चालता चालता ते काकांची भाषा शिकले होते, आणि गुडघे गेल्यावर आता कचेऱ्यांची कामं करत. भाषा त्यांना उत्तम येत होती, फक्त ती सगळी गाईडची होती.

"उजवीकडे पाहा," पोलीस चौकीच्या दारात ते खणखणीत आवाजात म्हणाले. "ही पोलीस चौकी. दोन मजली. आतल्या कोठडीला खिडकी नाही. फोटो काढण्यास मनाई. आपण इथे दहा मिनिटं थांबणार आहोत."

थांबले साडेपाच तास. पत्रासाठी आधी पोलिसांत तक्रार नोंदवावी लागत होती, आणि हवालदाराकडे दोनच प्रकारचे फॉर्म होते, हरवल्याचा आणि चोरीला गेल्याचा.

"हरवला का, विचारतायत," दुभाषी म्हणाले.

"नाही."

"चोरीला गेला?"

"नाही हो. हा काय, इथेच आहे."

"मग तक्रार कशाची?"

"भोकांची."

"भोकं कुणी पाडली?"

काकांना वकिलांचा सल्ला आठवला. पण अडतीस वर्षांची सचोटी आडवी आली. "मी," ते म्हणाले. "हरवू नये म्हणून."

हवालदारानं पलीकडच्या टेबलाला हाक मारली. तिथून एक फौजदार आला, त्याच्यामागून दुसरा. सरकारी दस्तऐवजाची स्वहस्ते नासधूस हा त्या देशात गुन्हा होता, पण परदेशी माणसानं परदेशी दस्तऐवजाची केली तर कुठल्या कलमात बसतो यावर त्यांचं एकमत होईना. शेवटी त्यांनी तडजोड केली. काकांना सोडलं आणि त्यांनी दाखवायला आणलेलं पंचिंग मशीन ठेवून घेतलं. गुन्ह्याचं हत्यार म्हणून. त्याला दोरी बांधली, लाखेचा शिक्का मारला, आणि काकांच्या हातात पावती दिली.

बाहेर आल्यावर काका पायरीवरच बसले. हातात पावती होती, आणि ती लावायला भोक पाडण्याचं साधन उरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सुटा कागद खिशात घातला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. त्या दिवशी काकू लेणी पाहून आल्या होत्या. उन्हानं त्यांचं नाक लाल झालं होतं.

"अहो, काय सांगू, आत इतका अंधार, आणि मशाल धरली की भिंतीवरची हरणं..."

"हरणांचं ठेव बाजूला," काका म्हणाले. "माझं मशीन जप्त केलं."

मग त्यांनी चौकीची सगळी हकीकत सांगितली, फॉर्म क्रमांकांसकट. काकू ऐकून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या खाऱ्या पाण्याचं सरोवर पाहून आल्या. "बुडतच नाही माणूस," एवढंच म्हणाल्या, आणि काकांनी वकिलातीची हकीकत सुरू केली.

वकिलात आपल्याच देशाची, म्हणजे माहेर. काकांना वाटलं, आता सुटलो. खिडकीमागच्या गृहस्थांनी पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि शुद्ध आपल्या भाषेत विचारलं, "हे काय केलंत?" काकांनी ते वाक्य ऐकवलं. गृहस्थ म्हणाले, आम्ही हा पासपोर्ट रद्द केलेला नाही, असं आम्ही लिहून देऊ, पण इथल्या परदेशी नागरिक कार्यालयानं तशी विचारणा केली पाहिजे. परदेशी नागरिक कार्यालय म्हणालं, आम्ही विचारणा करू, पण आधी वकिलातीनं कळवावं की विचारणा कशाबद्दल करायची. काका दोन कचेऱ्यांमध्ये चार वेळा गेले. चौथ्या वेळी वकिलातीतले गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "साहेब जागेवर नाहीत. उद्या या."

हे वाक्य काकांचं होतं. याच सुरात, शेवटच्या शब्दावर असाच जरा हेल काढून, त्यांनी ते हजारो माणसांना ऐकवलं होतं. त्या माणसांना पुढे काय होतं याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. आता कळलं. पाय दुखतात, आणि परत जाऊन बायकोला काय सांगायचं ते सुचत नाही.

"डावीकडे पाहा," दुभाषी जिन्यावरून उतरताना हळूच म्हणाले. "धबधबा." गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. त्या देशातलं काकांनी पाहिलेलं निसर्गसौंदर्य ते एवढंच.

पाचवा आणि सहावा दिवस असेच गेले. सातव्या दिवशी संध्याकाळपर्यंत काका पार खचले. दाढी वाढली होती. सकाळी न्याहारीच्या टेबलावर सहप्रवासी सरोवराचे, मनोऱ्यांचे, जुन्या नाटकगृहाचे फोटो एकमेकांना दाखवत आणि काका आले की फोन उलटे ठेवत. याचं त्यांना जास्त लागायचं. कुणीतरी 'काका, आज कुठली कचेरी?' असं विचारलं तेव्हा काकूसुद्धा हसल्या. हसू दाबलं त्यांनी, पण आलं ते आलंच.

त्याच संध्याकाळी परदेशी नागरिक कार्यालयातून निरोप आला. तिथल्या साहेबांना पत्र द्यायला हरकत नव्हती, फक्त पूर्वीचा एखादा दाखला सापडायला हवा होता. असं भोक पूर्वी कधी कुणी पाडलं असेल आणि ते माफ झालं असेल, तर या भोकालाही माफी देता येईल. जुने दाखले तळघरात होते. सकाळी साडेनऊला यावं.

"मिळेल ना?" काकूंनी विचारलं. बस सातला निघणार होती.

"अकरापर्यंत पत्र घेतो. टॅक्सीनं एक तास. बाराला मी तिथे."

"मग मी वर जात नाही. पायथ्याशी थांबते. आपण बरोबरच चढू."

"थांब," काका म्हणाले. "मी आलोच."

तळघराचा दरवाजा उघडला आणि काकांच्या नाकात तो वास गेला. जुना कागद, डिंक, किंचित ओल. छतापर्यंत रॅक, रॅकवर गठ्ठे, आणि मधोमध एका खुर्चीवर त्यांच्याच वयाचा, त्यांच्यासारखाच बाह्यांना शाई लागलेला एक माणूस. दुभाषी नेहमीप्रमाणे, "समोर पाहा, अभिलेख कक्ष, फार प्राचीन," असं काहीतरी म्हणत होते, पण काकांना ते ऐकू आलं नाही. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोन गाववाले परमुलखात भेटावेत तसे दोघांचे चेहरे खुलले.

तिथला अभिलेखपाल दाखला शोधू लागला. काकाही शोधू लागले. लिपी येत नव्हती, पण गठ्ठा कुठल्या वर्षाचा हे धुळीवरून सांगता येतं, ही विद्या जगभर एकच असावी. तासाभरात सापडला. पन्नासेक वर्षांपूर्वी एका परदेशी खलाशानं पासपोर्ट गळ्यात अडकवण्यासाठी खिळ्यानं भोक पाडलं होतं, आणि ते माफ झालं होतं. काकांना त्या खलाशाला मिठी मारावीशी वाटली. साहेबांनी पत्रावर सही केली, कारकुनानं वेळेचा शिक्का मारला. दहा वाजून पन्नास मिनिटं.

आता खरं तर निघायचंच. काका निघालेही होते. आभार मानायला म्हणून तळघरात डोकावले तर त्या गृहस्थानं खलाशाचा गठ्ठा परत बांधला होता. एकेरी गाठ! काकांना राहवलं नाही. त्यांनी गठ्ठा सोडला, दुहेरी गाठ, वर सरकफास, असा बांधून दाखवला. तो माणूस बघतच राहिला. त्यानं शेजारचा गठ्ठा पुढे केला. काकांनी तोही बांधला. मग त्यानं काकांना कडांना मेण लावायची तिथली पद्धत दाखवली, ती काकांना ठाऊक नव्हती आणि फारच आवडली. रॅकच्या खालच्या फळीवर सरळ सरळ वाळवी होती. तिला पाहून सोडून जाणं म्हणजे पाप.

"आपला वेळ संपला आहे," दुभाषी दारातून म्हणाले. "कृपया सर्वांनी बसकडे चलावं."

"पाचच मिनिटं," काका म्हणाले.

दुभाष्यांनी हे आणखी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा हात जोडूनच. काकांनी मान वर केली तेव्हा एक आख्खा रॅक नवाकोरा दिसत होता, त्या गृहस्थानं भरल्या डोळ्यांनी त्यांचा हात हातात घेतला होता, आणि भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते.

टॅक्सीत काका दर वळणावर घड्याळ बघत होते. पायथ्याशी उतरले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि साडेचारला वर सोडणं बंद होणार अशी पाटी होती. टूरमधली मंडळी उतरून बसकडे निघाली होती. काकू पहिल्या पायरीशेजारच्या कठड्यावर बसल्या होत्या. चपला काढून ठेवल्या होत्या, आणि दोन्ही टाचांना पट्ट्या लावलेल्या होत्या.

"मिळालं?"

"मिळालं!" काकांनी फाईल पुढे केली. खलाशाचं सांगायला तोंड उघडलं.

काकूंनी पत्र पाहिलं. भाषा त्यांना येत नव्हती, पण शिक्क्यातले आकडे वाचता येत होते. त्यांनी ते दोनदा वाचले.

"दहा पन्नास," त्या म्हणाल्या.

"हो, म्हणजे सही तेव्हा झाली. मग मधे जरा... त्यांच्या रॅकला वाळवी होती."

काकूंनी फाईल मिटली. "मी दीड वाजेपर्यंत थांबले," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणत होते, चला, चला. मग गेले एकटीच."

कुठल्याही कचेरीत, कुठल्याही खिडकीपुढे काकांना इतकं लहान वाटलं नव्हतं. चौतीस वर्षांत आडव्या आलेल्या सगळ्या वाळव्या एकदम डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, आणि त्यातली एकही आपण होऊन आडवी आली नव्हती, हे त्यांना आज दिसलं.

"परत चढशील का माझ्याबरोबर?"

"गुडघे नाहीत आता. तुम्ही जाऊन या. अजून सोडतायत वर."

काका गेले. पहारेकऱ्यानं पत्र वाचलं, सलाम ठोकला. आठवडाभर ज्या सलामासाठी जीव टाकला तो असा मिळाला, आणि तो बघायला कुणी नव्हतं. पायऱ्या झिजून मधे खोलगट झालेल्या होत्या. खाली दरी, दरीत नदी, उतरतं ऊन. ऐंशीएक पायऱ्या चढल्यावर काका वळले आणि म्हणाले, "हे बघ." शेजारी एक अनोळखी म्हातारा धापा टाकत होता. त्यानं बघितलं, मान हलवली आणि पुढे गेला. एकट्यानं एखादी गोष्ट बघायची म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे काकांना कुणी शिकवलंच नव्हतं. देऊळ अजून बरंच वर होतं. काका खाली उतरले.

काकूंनी चपला घातल्या होत्या. दम खाता खाता काकांनी फाईल त्यांच्याकडे दिली. "पाहिलंत?"

"पाहिलं," काका म्हणाले.

"मूर्ती कशी वाटली?"

"प्रसन्न," काका म्हणाले. "अगदी प्रसन्न."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"वर मूर्ती नाहीये," त्या म्हणाल्या. "नुसता चौथरा आहे. हजार वर्षांपूर्वीच गेली म्हणे. मी तिथे जाऊन उभी राहिले, तर समोर काहीच नाही."

बसचा हॉर्न वाजला. टूर मॅनेजर लांबून हात हलवत काहीतरी ओरडत होता, बहुतेक एन्जॉय करा असंच. काकांनी फाईल मागायला हात पुढे केला. काकूंनी ती काखेत मारली आणि त्यांची वाट न बघता बसकडे चालू लागल्या.